कापलेले अकरा सेकंद

यादगिरी इराबत्तीवरची फिल्म मी केली, म्हणजे
जोडली. मी लग्नाच्या शूटिंगवाला,
पाठवणीला कुणाच्या डोळ्यांत आधी पाणी येणार
एवढं ओळखतो. मेटलमधलं मला काय कळतंय.

पुण्याहून दोन पोरं आली हार्ड डिस्क घेऊन.
काका, त्यांचं जुनं काही आहे तुमच्याकडे?
होतं. नव्व्याण्णवच्या गणपतीतली कॅसेट,
बुरशी धरलेली. कापसानं पुसत पुसत तीनदा चालवली.

त्यात तो बावीस वर्षांचा. साखर पेठेत,
मंडळाच्या स्टेजवर, केस कमरेपर्यंत,
काळ्या टी-शर्टवर सुताचा भुसा.
'नागीण वाजव की बे,' कुणीतरी ओरडतंय.
तो नागीण वाजवत नाही.
तो वाजवतो चार नंबरचा माग,
धोटा जाताना, धोटा येताना,
आणि सूत तुटल्यावर जो एक ठोका गिळला जातो
तोसुद्धा.
दुसऱ्या मिनिटाला अर्धा मांडव मोकळा.
उरले ते सगळे कारखान्यातले.
नाचत नव्हते, नुसत्या माना हलवत होते,
पाळीच्या आठव्या तासाला हलते तशी,
आपोआप.

बँडचं नाव कांडी. ड्रमवाला नंतर सुरतेला गेला,
गाणारा विम्यात.
हा राहिला. दिवसा माग, रात्री गिटार,
दोन्हीकडून कान गेले. डावा आधी.
मग गिटारचं डोकं दातांत धरून तारा जुळवायचा,
'हाडातनं ऐकू येतंय,' म्हणायचा, 'स्वच्छ.'
हा शॉट पोरांना फार आवडला. फिल्मची सुरुवातच तो.

एक्केचाळिसाव्या वर्षी कावीळ. आठ दिवसांत आटोपलं.

माझ्याकडे आणखी एक संध्याकाळ होती,
नवीन कॅमेरा घेतला तेव्हा ट्रायल म्हणून काढलेली.
विडी घरकुलातली खोली, तो वाजवतोय,
मागे त्याची आई सुपात पानं घेऊन.
वाजवणं संपतं. तो तसाच बसतो.
ती हाक मारते, अन्नम तिंदुवु रा.
तो बसलेलाच.
पुन्हा मारते.
अकरा सेकंद काहीच घडत नाही.
मी ते कापले. घडत नाही ते कापायचं,
वीस वर्षं हेच करतोय.

फिल्म दाखवली कारखान्यातच, सुटीच्या दिवशी,
दोन मागांच्या मधल्या गल्लीत.
टॉवेलच्या कोऱ्या कापडाचा पडदा,
त्याच्या लूपांत यादगिरीचा चेहरा जरा सुजल्यासारखा.
टाळ्या पडल्या. शिट्ट्या. मालकानं चहा सांगितला.
एक पोरगी, बारावीतली, चष्म्याची,
तीच धून मोबाईलवर उतरवून घेत होती,
म्हणाली, काका, इथं एक ठोका कमी आहे, रेकॉर्डिंग खराब का?
नाही म्हटलं. ते तसंच आहे.

नरसव्वा सगळ्यांत शेवटी उठली.
मला म्हणाली, मराठीत, थांबत थांबत,
'सगळं चांगलं केलास. मी जेवायला बोलावलेली, ते कुठंय?'

फिल्म तोवर पोरांनी कुठकुठं पाठवून झाली होती.
लोक लिहितात त्याच्यावर, दातांबद्दलच जास्त.

मी ते अकरा सेकंद मोबाईलमध्ये ठेवलेत.
महिन्या-दोन महिन्यांनी घरकुलाकडे काम निघालं की जातो,
नाही निघालं तरी.
ती हात थांबवत नाही, पान, तंबाखू, दोरा,
पान, तंबाखू, दोरा,
मान वर न करता ऐकते.
पहिली हाक फोनमधली.
दुसरी फोनमधून यायच्या आत
ती इथूनच मारते, जरा मोठ्यानं,
आणि मग पंचवीसची जुडी
पुन्हा पहिल्यापासून मोजायला घेते.